ओल्या आवाजाचा ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा कपाटाच्या तळाशी ते वायरलेस हेडफोन सापडले. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते त्यालाच ते चिकटून बसले होते. कानावरच्या गादीचं काळं, खोटं कातडं उकाड्याने वितळलं होतं. ओढायला गेले तर ओलसर पापुद्रे बोटांना लागले. मुलाने मोठ्या हौसेने आणून दिलेली वस्तू, पण मी कागदासकट उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

ऑक्टोबर मला कधीच आवडला नाही. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि मधेच हा घामट महिना येऊन बसतो. सानपाड्याच्या आमच्या गॅलरीत उभं राहिलं की मार्केटच्या बाजूने सडलेल्या कोबीचा वास येतो आणि ओहोटी असेल तर खाडीचा. कपडे वाळतात पण कोरडे होत नाहीत. मिठाला पाणी सुटतं. आमचे हे म्हणतात, "सवय हुती गं." यांना झाली. साताऱ्याहून आले ते थेट दाणा बाजारात, आणि निम्मं आयुष्य पोत्यांच्या धुळीत गेलं. मला मात्र दर ऑक्टोबरला नव्याने किळस येते, आणि त्या एका ऑक्टोबरपासून ती नुसत्या वासाची राहिलेली नाही.

माझं काम तेव्हा ऐकण्याचं होतं. बोलकी पुस्तकं निघतात, फोनवर ऐकायची, त्यांचं ध्वनिमुद्रण झालं की ते माझ्याकडे येई. समोर छापील मजकूर ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि वाचणाऱ्याने कुठे शब्द गाळला, कुठे 'च'चा उच्चार चुकवला, कुठे खुर्ची करकरली, ते टिपून स्टुडिओला कळवायचं. शाळेतली नोकरी सोडल्यावर हे काम मला फार मानवलं होतं. घरबसल्या, पंख्याखाली, कुणाशी न बोलता दिवसभर मराठी ऐकायची.

माझे जुने हेडफोन वायरचे होते. मोठे, कापडी गादीचे, मागून जाळीचे. जाळीतून बाहेरचं सगळं आत यायचं, कुकरची शिट्टी, खालच्या भाजीवाल्याची हाक. पण आवाज असा यायचा की वाचणारा माणूस समोर बसलाय असं वाटावं. त्याने पान उलटायला हात उचलला की बाहीचं कापड सरकल्याचं कळे. वायर मात्र सारखी खुर्चीच्या चाकात अडके. ते बघूनच मुलाने नवे आणले. "आई, यातले सगळ्यात भारी आहेत. बाहेरचा आवाज बंद. लाव आणि बघ."

लावले, आणि जग खरोखर बंद झालं. आधी सुख वाटलं. मग कानांना दडे बसले, घाटात गाडी चढताना बसतात तसे. गादीखाली घाम साचू लागला. तासाभराने काढले की कानामागून ओघळ मानेवर यायचा, आणि मला स्वतःचीच शिसारी यायची.

त्याच सुमाराला आमच्या स्टुडिओच्या मालकांचा फोन आला. सगळे त्यांना समीरसर म्हणत. तुर्भ्याला एका गाळ्याचे दोन भाग करून त्यांनी स्टुडिओ थाटला होता. मधे लाकडी भिंत, त्यात काच, एकीकडे वाचणारा आणि दुसरीकडे यंत्रावर ध्वनिमुद्रण करणारी तेजश्री. समीरसर म्हणाले, "सुनंदाताई, आता लोक वायरलेसवरच ऐकतात. तुम्ही प्रत्येक गोष्ट दोन्हींवर ऐका. वायरलेसवर जी चूक ऐकूच येत नाही, ती दुरुस्त करण्यात वेळ कशाला घालवायचा?"

बोलणं व्यवहाराचं होतं. मी हो म्हटलं.

पुस्तक होतं लहान मुलांसाठी, निजायच्या वेळी ऐकायच्या गोष्टींचं. वाचणारे होते नाना. नाव लिहीत नाही. त्यांची नाटकं ज्यांनी पाहिली त्यांना आवाज आठवत असेल. सत्तरी ओलांडलेला तो आवाज उन्हात ठेवलेल्या तुपासारखा होता, सैल आणि सोनेरी. "तर बाळांनो," असं ते म्हणाले की माझेसुद्धा खांदे खाली यायचे. दिवाळीत पुस्तक निघायचं होतं.

मी सकाळी वायरलेसवर ऐकायचे आणि दुपारी तीच गोष्ट वायरवर. असं कधी केलं नव्हतं, म्हणून फरक इतका असेल याची कल्पना नव्हती. वायरलेसवर नाना म्हणजे नुसता आवाज. स्वच्छ, गोल, पुसून पॉलिश केलेला. वाक्य संपलं की पूर्ण शांतता. ती शांतताही पुस्तकाची नसायची, त्या यंत्राची असायची. आवाज फार खाली गेला की ते आपणहून गप्प होई, आणि पुढचं वाक्य आलं की जागं होई.

वायरवर नानांना तोंड होतं.

कसं सांगू? ओठ सुटण्याआधीचा तो चिकट आवाज. जिभेखाली साचलेली लाळ. 'ळ' म्हणताना कवळी किंचित हलून टाळूला आपटायची. मोठ्या वाक्याच्या आधी ते गिळत, आणि तो घोट माझ्याच घशातून खाली गेल्यासारखा वाटे. चहा पिऊन आले की चहाची साय ऐकू यायची. हसू नका, खरंच यायची. राजकन्या, चिमणी, चंद्र, आणि प्रत्येकाच्या भोवती तो ओला, पचपच करणारा काठ. दुपारी ऐकायला बसण्याआधी मी चहा घेणं बंद केलं.

त्याची लागण घरालाही झाली. संध्याकाळी हे चहाबरोबर पोहे खात, तर मला त्यांच्या दाढांचा आवाज सहन होईना. मी ताट उचलून आत गेले तर म्हणाले, "का गं, काय झालं?" मी काय सांगणार? ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्या चावण्याची किळस येते म्हणून सांगू? फोनवर बोलणारी बहीण, पाणी पिणारी शेजारीण, सगळ्यांना एकाएकी तोंडं फुटली होती. माणूस आतून इतका ओला असतो, हे आपल्याला कळत नाही म्हणून आपण एकमेकांच्या जवळ बसू शकतो, असं मला त्या दिवसांत वाटे.

आता वाटतं, ती किळस निष्पाप होती. तोंड आहे, त्यात लाळ असणार. त्यात कुणाचा काय गुन्हा?

एका दुपारी चिमणीची गोष्ट संपली. नानांनी शेवटचं वाक्य फार सुंदर म्हटलं. नंतर पान उलटल्याचा आवाज. सकाळी वायरलेसवर इथेच यंत्र गप्प झालं होतं आणि मी पुढच्या गोष्टीवर गेले होते. वायरवर मात्र पानाच्या आवाजाखाली काहीतरी होतं. मला वाटलं, पोट वाजलं असेल. मी आवाज वाढवला.

"आज केस मोकळे का सोडलेस? माझ्यासाठी?"

तोच तुपासारखा आवाज, फक्त कुजबुजीत. माइकला ओठ लावून बोललेला. मग तो चिकट सुटणारा ओठ, आणि पुढे आणखी एक वाक्य. ते मी इथे लिहीत नाही. ते ज्या अवयवाबद्दल होतं आणि ज्या लाडिक सुरात होतं, त्या दोहोंचा मेळ बसेना म्हणून मी ते पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तर जाळीतून तो आवाज अजून बारीक येतच होता. "तर बाळांनो," पुढची गोष्ट सुरू झाली होती.

मी आधीच्या गोष्टी पुन्हा काढल्या आणि फक्त त्यांच्या शेपट्या ऐकल्या. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच गोष्टींना तशी शेपटी होती.

काचेपलीकडे यंत्रावर तेजश्रीच बसायची. उरणजवळच्या मोऱ्याची मुलगी, तिशीच्या आतली, फारसं न बोलणारी. मी तिला स्टुडिओत दोन-चारदाच भेटले होते. कान झाकून बसलेली, मान यंत्रावर. कुणी हाक मारली की हेडफोनची एक बाजू उचलून "हां ताई?" म्हणायची.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिला इचारलंस का? तू मला सांगितल्यालं तरी तिला चालंल का?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समीरसरांना फोन लावायच्या बेतात होते.

दुसऱ्या दिवशी तेजश्रीला भेटले. स्टुडिओच्या खाली उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथे उभ्या राहिलो. सुरुवात कशी करावी कळेना. मी म्हटलं, "तेजश्री, चिमणीच्या गोष्टीच्या शेवटी..."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या सरळ तिने कधी पाहिलं नव्हतं. "तुमाला ऐकू आलं?"

"आलं."

"कशावर?"

"वायरवर."

ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मी मुद्दाम ठेवलं होतं ताई. आधी सगळं कापून टाकायची. मग म्हटलं, ठेवून बघू. कोनाला तरी ऐकू येतंय का. समीरसर तपासतात, ज्यांचं पुस्तक हाय त्या कंपनीतले तपासतात. कोनी काय बोललं नाय. मना वाटायला लागलं, मलाच भास होतात की काय."

मी विचारलं, "तू हेडफोन काढून का नाही ठेवत, तो बोलायला लागला की?"

"कसे काढू? माइक चालू असतो. वाक्य कधी सुरू करतील ते कानावरच कळतं. स्पीकर लावला तर भिंत पातळ हाय, आवाज परत माइकमध्ये जातो. वायरलेस लावून बघितले, तर त्यांचे ओठ आधी हलतात नि आवाज मागून येतो, काम होत नाय." तिने रसाचा ग्लास न पिताच ठेवला. "त्यांना हे सगळं म्हायती हाय. म्हनूनच तर माइकमध्ये बोलतात. बाहेर कोनालाच जात नाय. फक्त माझ्या कानात."

गाड्यांचा, चरकाचा, घुंगरांचा एवढा गोंगाट होता, पण मला तेवढंच ऐकू येत होतं. कुणी अंगाला हात लावला तर माणूस हात झटकतो. गर्दीत कुणी काही बोललं तर मान वळवतो. पण जिचं कामच ऐकणं आहे तिने काय करावं? कान द्यायचेच आहेत, पगार त्याचाच आहे, आणि तो माणूस त्याच कानांत येऊन बसतो. वायरीने आवाज जवळ येतो म्हणून मी आयुष्यभर वायरीचं कौतुक केलं. ती जवळीक कुणाला कशी भोगावी लागते ते मी प्रथमच ऐकत होते.

"समीरसरांशी मी बोलू?" मी विचारलं.

ती जिन्याकडे वळली. "बोला. पन मी सोबत येनार."

आम्ही वर गेलो. समीरसरांनी माझं ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली, आणि स्वतःचे वायरलेस हेडफोन लावून तो भाग वाजवला. "कुठे काय? काहीच नाही." पुन्हा वाजवला. "ताई, काहीच नाही हो." मी पिशवीतून माझे वायरचे काढले, त्यांच्या यंत्राला जोडले आणि त्यांच्या हातात दिले.

ते ऐकत असताना मी त्यांचा चेहरा बघत होते. ऐकू आलं ते स्पष्ट कळलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, आणि म्हणाले, "जुन्या पिढीचे आहेत. थट्टा करतात. आणि वायरलेसवर येत नाहीये ना? मग ऐकणाऱ्यांना काही प्रॉब्लेम नाही. तेजू, तेवढं कापून टाक."

पुष्कळ घाण बघितली आहे मी. पावसाळ्यानंतर मार्केटमागची गटारं बघितलीत. पण एखाद्या सुशिक्षित, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाच्या तोंडून इतक्या सौम्यपणे आलेली ही वाक्यं ऐकून माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं, ते ओकारीच्या आधी सुटतं तसं होतं.

जिना उतरताना तेजश्रीने मला विचारलं, "शुक्रवारी कुलकर्णी मॅडम येनार हायत, कंपनीच्या. शेवटची गोष्ट ऐकायला. तुमी याल?"

कुलकर्णी मॅडम म्हणजे ज्या कंपनीसाठी पुस्तक होत होतं तिथल्या मोठ्या अधिकारी. शुक्रवारी मी गेले. नाना आले तेव्हा मॅडम अजून पोचल्या नव्हत्या. पांढरा कुर्ता, अत्तर, हातात वेलदोड्याची डबी. मला नमस्कार करून म्हणाले, "तुम्हीच का आमच्या चुका काढणाऱ्या?" आणि गोड हसून आत गेले. पाठोपाठ मॅडम आल्या. वाचन मोडू नये म्हणून आम्ही दोघी समीरसरांशेजारी मागच्या सोफ्यावर बसलो. आतला दिवा असा होता की काचेतून नानांना फक्त तेजश्री दिसायची.

गोष्ट समुद्रातल्या कासवाची होती. मॅडम डोळे मिटून, वायरलेस लावून ऐकत होत्या. एक परिच्छेद संपला, नाना पाणी प्यायले. तेजश्रीने शांतपणे आपले हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि स्पीकरची मूठ फिरवली.

खोलीभर नानांचा श्वास भरला. मग तो घोट, तो ओठ, आणि ती कुजबुज. भिंतीएवढी मोठी झालेली. मॅडमनी डोळे उघडले. त्यांना आधी कळेना आवाज कुठून येतोय. मग त्यांनी कानावरचं काढलं. वाक्य अजून चालूच होतं. पातळ भिंतीतून तो आवाज परत माइकमध्ये गेला, माइकमधून पुन्हा स्पीकरवर आला, आणि नाना स्वतःचंच बोलणं ऐकून अर्ध्या शब्दावर थांबले.

तेजश्रीने आत बोलायचं बटण दाबलं. "सर, आवाज स्पीकरवर हाय. कुलकर्णी मॅडम, सुनंदाताई, समीरसर, सगळे ऐकतायत. तुमी बोला."

समीरसर उठून एसीचा रिमोट शोधू लागले. शपथेवर सांगते, रिमोट शोधू लागले.

आणि नाना? त्यांनी खाकरून घसा साफ केला, चष्मा सारखा केला, पान पुढे ओढलं आणि वाचायला लागले. "तर बाळांनो, कासव म्हणालं..." त्याच मायेने, त्याच संथ लयीत. एक शब्द अडखळला नाही. खरं सांगते, त्या दिवसाइतकं चांगलं ते आधी कधी वाचले नव्हते. आवाज काही त्या माणसाला सोडून गेला नाही. मला वाटायचं, अशा वेळी आवाज चिरकेल, फाटेल. तो छान लागला होता.

मॅडम उठल्या. त्यांनी स्वतः जाऊन आतलं दार उघडलं आणि म्हणाल्या, "बंद करा." तेजश्रीला म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर खाली चल." आणि तिला घेऊन गेल्या.

पुस्तक निघालं नाही. नानांच्या प्रकृतीचं कारण बाहेर सांगितलं गेलं, ते मला आवडलं नाही, पण तेजश्रीलाच तिचं नाव कुठे यायला नको होतं. तिने तिथलं काम सोडलं, मी नुसतं 'यापुढे जमणार नाही' कळवलं. समीरसरांनी मला लांबलचक निरोप पाठवला, त्यात 'विश्वास' हा शब्द फार वेळा होता.

दिवाळीत तेजश्रीने घरी बोलावलं म्हणून मोऱ्याला गेले. जेट्टीपासून जवळच तिचं घर. आई मासळी विकून नुकतीच आली होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास अंगणभर होता आणि मला तो अजिबात घाण वाटला नाही. आई म्हणाली, "मना काय बोललीच नाय ही. घरी येऊन नुसती पान्याकडं बघत बसायची. मना वाटलं दमते." तेजश्री आतून ओरडली, "आये, पुरे." मग तिने चकल्या आणल्या आणि आम्ही तिघी कडाकडा चावत बसलो. चावण्याचा केवढा तो आवाज! मला काहीसुद्धा झालं नाही.

आता ती दुसऱ्या ठिकाणी डबिंगचं काम बघते. स्पीकर लावून काम करते. हेडफोन लावायची वेळ आली की गादी आणि कान यांच्यामधे बोट ठेवते, असं तीच म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. मोऱ्याहून आल्यानंतर दोन-चार दिवसांनी, भर दुपारी मला अनोळखी नंबरावरून फोन आला. मी उचलला आणि ते तूप कानात उतरलं.

"सुनंदाताई ना? नमस्कार. ओळखलंत का?"

मी फोन कानापासून थोडा लांब धरला.

"माझा आवाज तुमच्याइतका बारकाईने कुणी ऐकला नसेल. म्हणून तुम्हालाच विचारतो. इतकी वर्षं लोकांनी प्रेम केलं, ते काय उगीच? मी खरंच वाईट माणूस आहे का हो?" आवाज किंचित कापत होता. कापवायचा कसा, हे त्यांना येत होतं.

मी म्हटलं, "हे तुम्ही तेजश्रीला विचारायला हवं होतं. तिची माफी मागितलीत का?"

पलीकडून आधी श्वास आला. मग तो घोट. मग अगदी खऱ्या, निर्मळ आश्चर्याने ते म्हणाले,

"तेजश्री कोण?"

मी फोन बंद करायला बोट उचललं.

"अच्छा, ती मशीनवरची मुलगी? तिचं नाव तेजश्री होय?"

मी फोन बंद केला. बाथरूममध्ये गेले आणि दोन्ही कान साबण लावून धुतले.